स्क्रीन तर तीच आहे

मी लादी पुसून बादली उचलेपर्यंत मास्तर गुडघ्यांवर आलेले असायचे. ओल्या लादीवर आधी जुनी वर्तमानपत्रं, त्यांवर दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच लांब कागद, दारापासून खिडकीपर्यंत उलगडलेला. हातात लाल पेन्सिल. पन्नाशीचा माणूस रांगत्या पोरासारखा कागदावरून पुढे सरकत जायचा.

"अहो, लादी वाळू द्या जरा!" मी ओरडायची.

मास्तर वर न बघता म्हणायचे, "बाई, कागदाच्या कडेने पुसा."

"मी कडेकडेने पुसत नाही. पुसायची तर सगळी, नाहीतर राहू दे."

"मग राहू दे."

असली उत्तरं देणारा माणूस आमच्या ऑफिसात टिकायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

त्यांच्याबद्दल मागाहून जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. अजूनही मानकोली नाक्यावर कुणी जुना हमाल भेटला तर म्हणतो, "त्या कम्प्युटरवाल्या म्हाताऱ्याने चिठ्ठी बिघडवली, म्हणून काशा कामातून गेला." काशा माझा धाकटा भाऊ. ती चिठ्ठी मी या डोळ्यांनी बघितली आहे. कुणी बिघडवली आणि कधी बिघडवली, मला माहीत आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण तेच तेच खोटं ऐकून माझे कान किटले, म्हणून लिहायला बसले.

आमचं ऑफिस म्हणजे गोदामांचं ऑफिस. शेठचे बारा गाळे होते. अकरा पार्ट्या आपला माल आमच्याकडे ठेवायच्या. सूत, कापडाच्या गाठी, रंग, कापड पांढरं करायची ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिडचे कॅन. ट्रक गेटवर लागला की ऑफिसातल्या कम्प्युटरमधून चिठ्ठी निघायची. कुठल्या पार्टीचा कुठला माल कुठल्या गाळ्यात, एवढंच तिच्यावर. चिठ्ठी हमालाच्या हातात. निम्म्या हमालांना वाचता येत नव्हतं, पण आकडा सगळे ओळखायचे. सात म्हणजे सात.

काशा सात नंबरच्या गाळ्यावर होता. तिथे छतापर्यंत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या. त्या पावडरीवर अ‍ॅसिड सांडलं तर असा वायू सुटतो की माणसाची छाती आतून जळते. शेठला हे ठाऊक होतं. हमालांना कुणी सांगितलं नव्हतं. रंगाचे कॅन आणि अ‍ॅसिडचे कॅन सारख्याच लाकडी पेट्यांतून यायचे, वर इंग्रजी नाव. हमालाने डोकं चालवायचं नाही, चिठ्ठी बघायची, असा तिथला कायदा.

म्हणजे माझ्या भावाचा जीव त्या चिठ्ठीवरच्या एका आकड्यावर होता. मी त्याच ऑफिसात लादी पुसत होते, चहा करत होते, आणि मला याचा पत्ता नव्हता. मास्तर आले तेव्हा लागला.

कम्प्युटर तेव्हा नवा होता. त्याची वेगळी काचेची खोली, थंड हवेचं यंत्र, खिडकीला पडदा. चपला बाहेर काढायच्या. देवळात काढतात तशा. त्या चिठ्ठीचा प्रोग्राम शेठच्या भाच्याने लिहिला होता. मुंबईला कसलासा कोर्स करून आला होता, काळा चष्मा लावून मोटरसायकलवर यायचा. त्याचं लग्न ठरलं, त्याला वेळ मिळेना, आणि बारावी पार्टी तर आली. ती प्रोग्राममध्ये घालायला शेठने मास्तरांना आणलं.

मास्तर मुंबईच्या एका मिलमध्ये कम्प्युटरवर होते. मिल बंद पडली. मग पडघ्याला भाड्याची खोली घेऊन राहिले होते. एसटीने नाहीतर मिळेल त्या टेम्पोने यायचे. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो तांब्याच्या तारेने बांधलेला. हातात कायम ती लाल पेन्सिल, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणायला लागले. सगळं ऑफिस मला मावशी म्हणायचं. पहिल्या दिवशी तेही म्हणाले, "मावशी, पाणी."

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटी असेन मी. मावशी कसली?"

ते ओशाळले. "बरं. बाई, पाणी."

मास्तरांनी आधी सगळा प्रोग्राम कागदावर छापून घेतला. छापता छापता दुपार झाली. वीज गेली की आजूबाजूच्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट एकदम थांबायचा आणि ऑफिसातले सगळे बाहेर चहाला जायचे. मास्तर तेव्हाच कागद उलगडायचे. तीन दिवस वाचत होते. चौथ्या दिवशी शेठकडे गेले. मी तिथेच कप उचलत होते.

"शेठ, बारावी पार्टी घालतो. पण आधी हे आवरायला हवं."

"आवरायला काय घर आहे?"

"घरच आहे. कुठली वस्तू कुठे आहे ते कुणालाच सांगता येणार नाही, असं घर."

"चालतंय ना?"

"चालतंय."

"मग?"

"आज चालतंय," मास्तर म्हणाले.

शेठने कंटाळून हात हलवला. त्याला मास्तरांनी परवानगी मानलं. शेठच्या मनात काय होतं ते शेठला माहीत.

घरात काय गोंधळ होता ते मला त्यांनी लादीवर बसूनच दाखवलं. भाच्याची पद्धत अशी. पहिल्या पार्टीसाठी सगळं लिहिलं. दुसरी पार्टी आली की ते सगळंच्या सगळं पुन्हा उतरवायचं आणि फक्त नाव बदलायचं. असं करत करत अकरा नकला. कुठला माल कुठल्या मालाजवळ ठेवायचा नाही, हा नियम एकच, पण तोसुद्धा अकरा ठिकाणी लिहिलेला.

मी म्हटलं, "म्हणजे मिठाच्या अकरा बरण्या. दहांत मीठ, आणि एकीत कुणी धुण्याचा सोडा भरून ठेवला तर कळायचं नाही. आमटी तोंडात घातल्यावर कळणार."

मास्तर पेन्सिल खाली ठेवून हसले. हसताना त्यांचा वरचा एक दात नसल्याचं दिसलं. "बाई, तुम्ही आमच्या मिलमध्ये असायला हव्या होत्या."

"तुमची मिल बंद पडली," मी म्हटलं.

"म्हणून तर म्हणतो."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "एक गोष्ट एकाच ठिकाणी." दिवसातून दहा वेळा. पाण्याचा पेला टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात. चष्म्याची डबी शर्टाच्या खिशात. मी पेला हलवला तर उचलून पुन्हा तिथेच. मला राग यायचा. माझ्या लादीवर मात्र यांचा पसारा जागा दिसेल तिथे.

काम करायची रीत विचित्र होती. एकदम काही करायचे नाहीत. एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि थांबायचं. मग जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायचा. शंभर जुन्या चिठ्ठ्या निवडून ठेवल्या होत्या, सगळ्या पार्ट्यांच्या, सगळ्या मालाच्या. त्याच मालाच्या नव्या चिठ्ठ्या कम्प्युटरमधून काढायच्या आणि जुन्यांशी ताडून बघायच्या. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर केलेलं सगळं टाकून मागे यायचं. चिडायचे नाहीत. "परत मागे," म्हणायचे, आणि फ्लॉपी बदलायचे.

त्यांच्या डोळ्यांना चाळिशी होती, बारीक आकडे दिसायचे नाहीत. एकदा मी सहज जुनी चिठ्ठी नव्या चिठ्ठीवर ठेवली आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावल्या. उजेड आरपार आला. अक्षरावर अक्षर, आकड्यावर आकडा. जे सारखं नसेल ते दुहेरी दिसतं.

मास्तर उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"भरतकामाचा कागद असाच उतरवतात."

त्या दिवसापासून ते काम माझं झालं. दुपारचा चहा झाला की खिडकीपाशी मी, मशीनपाशी मास्तर.

"जुळलं?"

"जुळलं."

"पुढची."

"जुळलं."

शंभर वेळा. माझे खांदे भरून यायचे. पण खरं सांगते, आयुष्यात माझ्या हातून लोकांनी कप घेतले, बादल्या घेतल्या. माझा शब्द कुणी घेतला नव्हता. मी "नाही जुळलं" म्हटलं की पन्नाशीचा शिकलेला माणूस केलेलं काम पुसून टाकायचा. एकदाही म्हणाला नाही की पुन्हा नीट बघा.

भाच्याने आत जी नावं ठेवली होती तीही मास्तर बदलत होते. गाळ्याला 'एक्स', मालाला 'एक्स एक', पुढे कंटाळा आल्यावर 'एक्सएक्स'. मास्तरांनी गाळ्याला इंग्रजी अक्षरांत गाळाच लिहिलं. मला इंग्रजी चार अक्षरं ओळखायला शिकवली आणि पेन्सिलीने दाखवून विचारलं, "काय लिहिलंय?"

"गाळा."

"झालं तर. चौथी शिकलेल्या बाईला कळलं, म्हणजे माझ्यानंतर येईल त्यालाही कळेल."

"माझी चौथी काढायची नाही," मी म्हटलं.

"बरं. मी मॅट्रिकला दोनदा बसलोय. फिटली?"

एके दिवशी मी चिठ्ठ्या लावता लावता थांबले. जुळत होती, पण थांबले. पडघ्याच्या पार्टीची चिठ्ठी. माल, अ‍ॅसिड. गाळा, सात.

अ‍ॅसिड हा शब्द मला तोवर पाठ झाला होता, आणि बाकी सगळ्या पार्ट्यांचं अ‍ॅसिड तीन नंबरात जातं हेही.

"मास्तर, हे सात कसं?"

त्यांनी चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या. मग लादीवरच्या कागदावर गेले, खिडकीपाशी अकरावी नक्कल होती तिथे. पूर्वी अ‍ॅसिड सातमध्येच ठेवायचे. मग पावडर सातमध्ये आणली, तेव्हा अ‍ॅसिड तीनमध्ये हलवलं. भाच्याने दहा ठिकाणी साताचा तीन केला होता. अकराव्या ठिकाणी विसरला. पडघ्याच्या पार्टीचं अ‍ॅसिड वर्षातून एकदोनदाच यायचं. मागच्या खेपेला पेट्या दाराशीच ठेवल्या होत्या आणि दोन दिवसांत उचलल्या गेल्या, म्हणून निभावलं होतं.

"सातमध्ये माझा भाऊ असतो," मी म्हटलं. "बदला ते. आत्ता."

मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून. "आत्ता आपण सामान हलवतोय, बाई. हलवताना दुरुस्ती करायची नाही. दोन्ही एकदम केलं आणि काही चुकलं, तर कशाने चुकलं ते कळणार नाही. अकरा जागा एक झाल्या की तिथे एकच ओळ बदलायची. सगळीकडे बदलते. कायमची."

"किती दिवस?"

"महिना."

"आणि तोवर ट्रक आला तर?"

त्यांनी लाल पेन्सिल वर धरली. "तोवर ही."

लगेच उठून शेठकडे गेले, त्याला चूक सांगितली. शेठ म्हणाला, मुकादमाला सांगतो. सांगितलं नाही. पण महिन्याच्या आत पडघ्याचा ट्रक आला तेव्हा मास्तर चपलाही न घालता गेटवर धावले आणि चिठ्ठीवरचा सात लाल पेन्सिलीने खोडून तीन केला.

संध्याकाळी काशा माझ्याकडे आला. "ताय, तो मास्तर येडा हाय का? चिठ्ठी फिरवली त्यानं."

"येडा नाही. त्याने सांगितलं तेच करायचं."

"पन चिठ्ठीवर सात व्हता."

"काशा, चिठ्ठी माणूसच लिहितो."

"मना काय म्हायती," तो म्हणाला. "आपल्याला आकडा सांगा, गोनी टाकतो."

तिसरा महिना संपत आला तेव्हा अकरापैकी नऊ नकला एक झाल्या होत्या. कागद निम्म्याहून लहान झाला होता. मास्तर खुशीत होते. नेमकी त्याच आठवड्यात मुंबईची मोठी पार्टी ऑफिस बघायला येणार होती. शेठ काचेच्या खोलीत आला. चपला घालून आला. स्क्रीनपुढे वाकला.

"तीन महिने काय केलं?"

"आतलं सगळं नीट लावलं, शेठ. आता बारावी पार्टी घालायला एक दिवस पुरेल."

"स्क्रीन तर तीच आहे."

"तीच राहायला हवी. तेच तर काम."

शेठ आमच्या सगळ्यांकडे वळून हसला. "ऐका! तीन महिने काम केलं आणि काही बदललं नाही, म्हणून साहेब खूश आहेत. अरे, माझ्या गाडीला रंग दिला असता तरी दिसला असता."

ऑफिस हसलं. मी हसले नाही, पण बोललेही नाही. मास्तर म्हणाले, "शेठ, आठ दिवस द्या. एक धोक्याची ओळ राहिली आहे, मी तुम्हाला सांगितली होती."

"आठ दिवस नाही आणि आठ तास नाही. उद्यापासून भाचा येईल."

माझा राग शेठवर आहेच. तो कधी गेला नाही आणि जाणार नाही. पण मला तेव्हा मास्तरांचा जास्त राग आला. त्या माणसाने टेबलावर हात आपटायला हवा होता. ओरडायला हवं होतं की इथे माणूस मरेल. नाहीतर त्याच क्षणी खुर्चीवर बसून साताचा तीन करायला हवा होता. त्यांनी काय केलं? पाण्याचा पेला उजव्या कोपऱ्यात सरळ ठेवला. फ्लॉपी भाच्यासाठी टेबलावर ठेवली, वर नाव लिहून. पेन्सिल माझ्या हातात दिली.

"बाई, गेटवर लक्ष ठेवा. भाचा आला की त्याला सांगा. एकच ओळ आहे."

आणि तारेने बांधलेली चप्पल फटफट वाजवत गेले.

भाच्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, चहा बना. प्रोग्राम मी बघतो." त्याने मास्तरांची फ्लॉपी पुसली आणि तिच्यावर स्क्रीनचं नवीन चित्र घातलं. जुना अकरा नकलांचा प्रोग्राम पुन्हा चालू केला. मग स्क्रीनच्या चारी बाजूंनी लुकलुकणारी चौकट केली, वर कंपनीचं नाव पुढे सरकत जायचं. एका संध्याकाळचं काम. मुंबईच्या पार्टीने वा वा केलं. शेठने पेढे वाटले. माझ्या हातावरही एक ठेवला. मी तो खाल्ला. लपवत नाही.

आठ दिवस मी गेटवर उभी राहून प्रत्येक चिठ्ठी बघत होते. हमाल थट्टा करायचे. "क्या चाची, प्रमोशन हो गया?" नवव्या दिवशी भाच्याने बघितलं. शेठने मला बोलावलं.

"तू कोण चिठ्ठ्या तपासणार? गेटवर पुन्हा दिसलीस तर उद्यापासून यायचं नाही. चहा आणि लादी, बस."

मी विधवा बाई. घरात खाणारी तोंडं चार. मी मान खाली घातली आणि पेन्सिल चहाच्या कपाटात टाकली.

तिसऱ्या दिवशी पडघ्याचा ट्रक आला. मे महिना होता, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मी आत चहा गाळत होते. काशाने चिठ्ठी बघितली, सात. पेट्या सातमध्ये नेल्या, खाली जागा नव्हती म्हणून गोण्यांच्या एका अर्ध्या थप्पीवर चढवल्या. वरचा एक कॅन आतून फुटलेला होता.

मी ओरडा ऐकून बाहेर आले तेव्हा गाळ्याच्या दारातून हिरवट पिवळा धूर जमिनीलगत सरपटत येत होता. दोघं हमाल धावत सुटले. काशा गोण्यांच्या आतल्या बाजूला होता. त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून ओढून काढलं तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता.

काशा जगला. पण पुढे त्याला पाण्याची कळशी उचलता आली नाही. पाच वर्षं उंबऱ्यावर बसून खोकला, आणि मग गेला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांना कुणी कळवलं, माहीत नाही. पलंगाच्या पायगतीला उभे राहिले. काशाच्या नाकात नळी होती. मी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना बोलले.

"एक ओळ होती ना? बदलली का नाहीत? तुमची रीत! आधी हे, मग ते! माझ्या भावापेक्षा तुमची रीत मोठी झाली?"

शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. मास्तर शेठचं नाव घेऊ शकत होते. भाच्याचं घेऊ शकत होते. घेतलं नाही.

"बरोबर बोलता, बाई," ते म्हणाले. "मी क्रम धरून बसलो. त्या दिवशी अकराव्या जागी एक आकडा बदलायचा होता. पाच मिनिटांचं काम."

मी तोंड फिरवलं. आता मला काय म्हणायचं आहे ते नीट वाचा, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गेटवरून मला हाकललं आणि मी पेन्सिल कपाटात टाकली, हे मी त्यांना सांगितलं नाही. सगळा दोष त्यांच्या डोक्यावर ओतला आणि माझा वाटा पदराखाली ठेवला. त्यांना वाटलं असणार, बाईंनी शेवटपर्यंत लक्ष ठेवलं आणि तरी झालं.

चौकशीला सरकारी साहेब येणार म्हणून शेठची धांदल उडाली. भाच्याला ती ओळ सापडेना. स्वतः लिहिलेलं त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. शेवटी शेठने पडघ्याला माणूस पाठवून मास्तरांनाच बोलावलं. मला वाटलं, येणार नाहीत. मी असते तर थुंकले असते. ते निरोप मिळताच मिळेल त्या एसटीने आले.

त्याआधी त्याच सकाळी सरकारी साहेब आले तेव्हा मी त्यांना गाठलं होतं. शेठ त्यांना सांगत होता, "जुन्या माणसाने प्रोग्रामची वाट लावली साहेब, त्याला काढला, आता नीट करून घेतोय." मी आत गेले आणि पडघ्याच्या पार्टीची जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिच्यावर तारीख होती, मास्तर येण्याच्या वर्षभर आधीची. अ‍ॅसिड, गाळा सात. साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट बघितली.

"शिक्षण किती, बाई?"

"चौथी."

त्यांनी चिठ्ठी मला परत दिली. शेठ म्हणाला, "मावशी, साहेबांना चहा." मी चहा आणला. तोही लपवत नाही. नोकरी सोडली असती तर काशाचं औषध कुठून आणलं असतं?

मास्तर काचेच्या खोलीत गेले. दाराशी चपला काढल्या. वर्तमानपत्रं पसरली, त्यांवर कागद, पुन्हा तो पहिल्यासारखा लांब, दारापासून खिडकीपर्यंत. गुडघ्यांवर आले. पेन्सिल नव्हती त्यांच्याकडे. मी कपाटातून काढून दिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, टोकाकडे. मला दिली होती तशीच होती ती, झिजलेली नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही.

तासाभरात ओळ सापडली. ते मशीनपाशी बसले. शंभर जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी घरी नेऊन ठेवला होता, तो आणला होता. मी खिडकीला लागले.

"जुळलं?"

"जुळलं."

"पुढची."

"जुळलं."

चौकट चारी बाजूंनी लुकलुकत होती. बाहेर लूम चालू होते. ब्याऐंशीव्या चिठ्ठीला मी थांबले. काचेवर दोन आकडे एकमेकांत अडकले होते. सात आणि तीन.

"बाई? जुळलं?"

"नाही," मी म्हटलं.

"अजून एकदा बघा."

पहिल्यांदा म्हणाले असं. मी बघितलं. "नाही जुळलं, मास्तर. तीन आलाय."

त्यांनी हुं केलं. राहिलेल्या अठरा चिठ्ठ्याही मला लावायला लावल्या. त्या जुळल्या. मग शेठ आला, स्क्रीनपुढे वाकला, म्हणाला, "झालं? काही दिसत तर नाही." मास्तर म्हणाले, "नाही दिसणार." मी उरलेला चहा टाकायला मोरीवर गेले. ठरवलं होतं की कप विसळून परत आले की सांगायचं. पेन्सिलीचं सांगायचं. उगाच तीन कप दोनदा विसळले.

परत आले तर दारात चपला नव्हत्या. पेला टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होता. गेटवर गेले, नाक्यापर्यंत गेले. पडघ्याच्या बाजूला ट्रकमागे ट्रक चालले होते. नंतर दोनदा त्यांच्या खोलीवर जाऊन आले. पहिल्यांदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं.

त्या दिवशी नाक्यावरून परत ऑफिसात आले तेव्हा कागद तसाच लादीवर पसरलेला होता. खिडकीकडच्या टोकाला एका आकड्याभोवती लाल गोल. भाचा म्हणाला, "मावशी, हा कचरा गोळा कर आणि लादी मार."

मी बादली भरून आणली. फडका पिळला. आणि कागदाच्या कडेकडेने पुसली.